केळव्याचे ऊन

दिवाळीत स्वतःचे घर सोडून कुठे जाऊ नये, असा आमच्या घरचा जुना दंडक. पण मागच्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या इमारतीला रंग काढायचे ठरले, बांबूंचे परांचे खिडक्यांना येऊन भिडले आणि आकाशकंदील टांगायलाही जागा उरली नाही. सौभाग्यवतींचे मामा केळव्याला असतात. "दिवाळीला या" असा त्यांचा निरोप दरसाल येतो आणि "पुढल्या वर्षी नक्की" असे उत्तर आम्ही दरसाल धाडतो. या खेपेस ते उत्तर धाडायच्या आत सौभाग्यवतींनी बॅगा भरल्या होत्या.

विरारला गाडी बदलून आम्ही डहाणूची लोकल धरली. २०१३ सालापासून लोकल गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईचे शेपूट तेवढे लांबले. तरी वैतरणेचा पूल ओलांडला की गाडीचा आवाज पालटतो. सफाळे मागे पडते, दोन्ही अंगांना खाजणे दिसू लागतात, मिठागरांच्या चौकोनांत आभाळ उतरलेले असते, आणि डब्यातली मंडळी आपापल्या फोनांतून डोके वर काढतात. केळवे रोड हे त्या मानाने गरीब स्टेशन. गाव तिथून चांगले दूर, पश्चिमेला समुद्राकडे. रिक्षावाल्याने आमच्या बॅगा पायांशी, फराळाचे डबे आमच्या मांडीवर आणि दोन अनोळखी उतारू स्वतःच्या दोन बाजूंना बसवून गाडी हाकली.

मी केळव्याला पहिल्यांदा आलो तो १९६७ साली, वडिलांचे बोट धरून. त्या वेळी वाडीत रात्री कंदील असत आणि वर तारापूरला अणूची वीज तयार करण्याचा कारखाना उभा राहतो आहे, हे थोर मंडळी ओसरीवर बसून दबल्या आवाजात बोलत. अणू म्हणजे काय हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. पण आता केळव्यात रात्र म्हणून राहायची नाही, याविषयी एकमत होते. १९६९ च्या ऑक्टोबरात तारापूर सुरू झाले. देशातले पहिले अणुवीजकेंद्र, केळव्याहून फार तर तासाभराच्या वाटेवर. पुढे २००५ व २००६ साली तिथे ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या आल्या. उत्तरेला डहाणूला १९९५ पासून कोळशावरचे ५०० मेगावॉटचे वीजघर आहे. सांगायचे ते हे की, आमच्या मामांच्या मुलुखात विजेला तोटा नाही. तिची वाट मात्र पाड्यावरून गेली ती पुष्कळ काळ डोक्यावरून गेली.

केळव्याचा समुद्र पुष्कळांनी पाहिला असेल. किनाऱ्याला समांतर सुरूचे बन, त्याच्या सावलीत शीतलादेवीचे देऊळ आणि पुढे लांबच लांब करडी वाळू. बनातच पोर्तुगीजांचा भुईकोट वाळूत अर्धा बुडालेला आहे. दांड्याच्या खाडीपाशी पाण्यात पाणकोट उभा आहे. ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते, आणि भरती विसरणाऱ्याला चालत परत येता येत नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत केळवे-माहीमची ही ठाणी मराठ्यांनी घेतली. शनिवार-रविवारी या किनाऱ्यावर घोडागाड्या, उंटाची सवारी आणि भज्यांचे तेल यांचे राज्य असते. सोमवारी सकाळी तो पुन्हा गावाचा होतो.

पण खरे केळवे वाडीत आहे. नारळ, त्याखाली सुपारी, त्याखाली केळ, मध्ये पानवेलीचे मांडव आणि कडेला जाई-मोगरा; उन्हाचा एक कवडसाही फुकट जाऊ द्यायचा नाही, अशी ही मांडणी. मामांच्या वाडीत भर दुपारी बसले तरी अंगावर पडते ते हिरवे ऊन. मी नेहमी म्हणतो, केळव्याच्या माणसाला ऊन कसे वापरावे हे शिकवायला कुणी येऊ नये. आणि नेमके उन्हावरूनच या दिवाळीत मामांचे गावाशी बिनसले होते.

नरकचतुर्दशीला अभ्यंग, फराळ वगैरे यथासांग झाले. चहाच्या दुसऱ्या कपाला मामा एकदम म्हणाले, "माझे माड कापायला सांगतात!"

"कोण?"

"ते पाड्यावरचे. म्हणे आमच्या छपरावर सावली पडते. सावली पडते म्हणून रडणारी माणसे मी या जन्मी पहिल्यांदा पाहिली. अहो, लोक सावलीसाठी झाडे लावतात!"

मामी म्हणाल्या, "तुम्ही एकदा जाऊन तरी बघा." मामा म्हणाले, "बघायचे काय त्यात?" त्यावर मामींनी माझ्याकडे पाहिले. जावईमाणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून आम्ही दोघे निघालो.

वाडीच्या मागल्या कुंपणाला लागून, ईशान्येच्या अंगाला, अकरा घरांची एक ओळ होती. पिवळा रंग, निळ्या खिडक्या, सपाट स्लॅब. सरकारी भाषेत घरकुल. प्रत्येक स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून दोन-दोन काळ्या काचेच्या पाट्या तिरक्या बसवलेल्या. दारांत झेंडू, अंगणात तांदळाच्या पिठाची नक्षी, आणि एका घराच्या पायरीवर एक म्हातारी शेळीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसलेली.

"ये शेट," ती मामांना म्हणाली. उठली नाही. मामांच्या वडिलांच्या काळी ती उठली असती, एवढे मामांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसले.

ही माणसे कुठून आली? फार दूरून नाही. म्हातारीचे सारे आयुष्य याच पट्टीतल्या वाड्यांत गेलेले. मालकाच्या वाडीच्या कोपऱ्यात झावळ्यांचा आणि कुडाचा झाप असायचा. राखण करायची, पाणी लावायचे, नारळ पाडायचे, आणि झापाचे भाडे नाही म्हणून मजुरीही बेताची. जमीन मालकाची, झापही मालकाच्या मर्जीचा. ठाणे जिल्ह्याच्या या भागात वेठबिगार कशी चाले आणि १९४५ साली वारली कसे उठले, ते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले आहे. पुस्तक मिटल्यावर आपण समजतो, की तो काळही मिटला. म्हातारीची वाडी विकली गेली ती या शतकात. तिथे पर्यटकांचे निवासस्थान झाले, पोहण्याचा तलाव झाला, आणि झाप एका सकाळी काढून टाकला गेला. त्यानंतरचे चार पावसाळे तिने, मुलाने आणि सुनेने रस्त्याच्या कडेला निळ्या प्लास्टिकखाली काढले. उन्हाळ्यात वीटभट्टी, पावसाळ्यात प्लास्टिक. गावाच्या दृष्टीने ती बेघर नव्हतीच. 'इथेच कुठेतरी असते' एवढीच तिची नोंद.

घरकुलाची कथा लांब आहे, ती थोडक्यात सांगतो. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, आली. सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये, घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या फ्लॅटमधला दिवाणखाना जरा ऐसपैस धरला तर तेवढे. शिवाय शौचालयाला १२ हजार आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस. आदिवासींसाठी राज्याची शबरी योजना. आणि कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी २०२३ च्या नोव्हेंबरात जनमन योजना सुरू झाली, तिच्यात घराला २ लाख. पैसा आहे. अडते ते जागेशी. ज्याला घर नाही त्याला बहुधा जागाही नसते, आणि स्वतःच्या नावाची जागा दाखवल्यावाचून घर मंजूर होत नाही. या अकरा कुटुंबांना गावठाणाचा हा तुकडा मिळेपर्यंत म्हातारीचा मुलगा तालुक्याच्या किती खेपा करून आला, ते तिने बोटांवर मोजायला घेतले आणि बोटे संपल्यावर सोडून दिले.

आणि मग आल्या त्या काळ्या पाट्या. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने पीएम सूर्यघर योजना काढली. एक कोटी घरांवर सूर्याची वीज, आणि त्यासाठी ७५ हजार कोटींवर तरतूद. एक किलोवॉटला ३० हजार रुपये अनुदान. २०२५ साली महाराष्ट्राने घरकुलाच्या रकमेत आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, त्यातले १५ हजार खास सूर्यविजेसाठी. त्याच वर्षी 'स्मार्ट' नावाची आणखी एक योजना झाली : दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्याचे साडेसतरा हजार, केंद्राचे तीस हजार आणि घरमालकाने स्वतःचे फक्त अडीच हजार घालायचे. पन्नास हजारांचे यंत्र अडीच हजारांत! आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाट्या बसवाव्यात की नाही यावर सोसायटीच्या तीन वार्षिक सभा खर्ची पडल्या आहेत. इथे पाड्यावर त्या लागून मोकळ्या झाल्या, याचा मला थोडा हेवाच वाटला.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिच्या शहरात पूर्वी रस्त्यावर राहिलेल्या माणसांसाठी बांधलेल्या इमारती आहेत. खोली, दवापाणी, विचारपूस करायला माणूस, सारे तिथेच. त्या राज्याने अल्प भाड्याच्या इमारतींवर सूर्यवीज बसवण्यासाठी वर्षाला दहा कोटी डॉलरपर्यंत रक्कम काढून ठेवली, आणि अट अशी घातली की, तयार झालेल्या विजेचा निम्म्याहून अधिक लाभ मालकाच्या नव्हे, भाडेकरूच्या बिलात जमा झाला पाहिजे. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. नाहीतर गरिबाच्या नावाने छपरावर लागायचे आणि उजेड पडायचा दुसऱ्याच्याच हिशेबात, असे जगात कुठेही होऊ शकते.

म्हातारीचा नातू आयटीआयमध्ये विजेचे काम शिकतो. त्याने आम्हाला छपरावर नेले. मामा गुडघ्यांची तक्रार करीत करीत शिडी चढले.

"एक किलोवॉट आहे," तो म्हणाला. "चांगलं ऊन असलं तर दिवसाला चार युनिट, महिन्याला शंभर-सव्वाशे. आमचा वापर कितीसा? दोन दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइल. चाळीस-पन्नास युनिट. उरलेली वीज तारेतून कंपनीकडे जाते आणि आमच्या नावावर जमा होते. रात्री तिच्यातून घ्यायची."

"म्हणजे बिल शून्य?" मी विचारले.

"शून्य नाही. स्थिर आकार पडतोच. पण पूर्वी बिल थकलं की मीटर काढून न्यायचे. आता ती धास्ती नाही."

खालून म्हातारीने विचारले, "त्याला इचार, लाइट गेली का आपली पण कां जाते? वरती ऊन हाय, काच तापलीय, नि घरात पंखा बंद. आं?"

नातू कसनुसा हसला. हा प्रश्न तिने त्याला शंभरदा विचारला असावा. उत्तर असे की, ही यंत्रणा गावच्या तारेशी जोडलेली. तार मेली की यंत्रही आपोआप थांबते. थांबले नाही तर त्याची वीज तारेत जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन तिने मरेल. थांबू नये असे वाटत असेल तर बॅटरी हवी, आणि बॅटरीला पैसे निराळे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा वाडीवाडीत झाडे आडवी झाली होती. वीज असल्या वेळी जाते आणि नेमकी तेव्हाच ती सर्वांत अधिक हवी असते. ही गोष्ट यंत्र बसवताना कुणी म्हातारीला सांगितली नव्हती. खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हती.

मग त्याने सावली दाखवली. दुपारचे अडीच वाजले होते. अकरांपैकी सात छपरे झळझळीत उन्हात होती. वाडीच्या कुंपणाजवळच्या चार छपरांवर माडांच्या झावळ्यांची नक्षी हलत होती, आणि म्हातारीच्या छपरावर तर एका बुंध्याची सावली पाटीच्या मधोमध आडवी पडली होती.

"एवढीशी सावली!" मामा म्हणाले. "नऊ-दशांश पाटी तर उन्हात आहे."

"शेट, ते असं नाही," नातू म्हणाला. "आतले सगळे तुकडे एका माळेत जोडलेले आहेत. एकावर सावली आली की सबंध माळेचा प्रवाह अडतो. दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की होतं ना, तसं थोडं. अगदी बंद नाही होत, पण खूप उतरतो." त्याने फोनवर आकडे दाखवले. ओळीच्या दुसऱ्या टोकाच्या घराचे कालचे साडेचार युनिट, यांचे दोन.

"मग बसवताना दिसले नाही कुणाला?"

"मे महिन्यात बसवलं ना."

मामा गप्प झाले, आणि मग हळूच म्हणाले, "हो. मे मध्ये सूर्य माथ्यावर." वाडीच्या माणसाला एवढे पुरे होते. केळव्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावरून जातो. माडाची सावली त्याच्याच पायांशी पडते. जून-जुलैत तो उत्तरेकडे असतो, तेव्हा दुपारची सावली आग्नेयेला, वाडीतच पडते. दिवाळीला सूर्य दक्षिणेला कलतो, सावल्या लांबतात आणि ईशान्येला वळतात. कंत्राटदाराचा माणूस आला मे महिन्यात, बारा वाजता. छप्पर लख्ख पाहून फोटो काढून गेला. सरकारचे पैसे खर्च झाले, कागदावर अकरा छपरे पुरी झाली. आणि पावसाचे चार महिने ढगांत गेल्यावर जे चांगल्या उन्हाचे महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेच या चार घरांना अर्धे मिळायचे.

"पाट्या हलवा," मामा म्हणाले. पण पंचवीस मीटरच्या स्लॅबवर हलवून हलवणार कुठे? सावली सगळ्या स्लॅबवरच फिरत होती.

दुसऱ्या दिवशी मामांनी तो विषय काढला नाही. आम्हाला ते तारापूरला घेऊन गेले. चिंचणीचा किनारा, तारापूरचा किल्ला, आणि लांबून वीजकेंद्राच्या इमारती. परतताना बोईसरच्या बाजूला नवी पोफरण आणि नवे अक्करपट्टी पाहिले. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी समुद्रकाठची ही दोन गावे उठवली गेली आणि त्याच नावांनी इकडे वसवली गेली. आखीव गल्ल्या, क्रमांकाची घरे. मामांचे एक स्नेही मूळ पोफरणचे. ते चहाच्या वेळी म्हणाले, "घर मिळाले. पक्के मिळाले. पण आमच्या जुन्या घरी दारात समुद्र होता, तो नाही मिळाला." विजेसाठी ज्यांचे घर गेले ते हे, आणि घराबरोबर जिला वीज मिळाली ती म्हातारी. दोघांच्या मध्ये पंधरा-वीस मैलांचे अंतर. गाडीत मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे माड वडिलांनी लावले. तारापूर सुरू झाले त्याच पावसाळ्यात." मी काही उत्तर दिले नाही, ते उत्तर मागतच नव्हते.

पाडव्याच्या दुपारी ते आपणहून उठले. हातात काठी, डोक्याला पंचा. कुंपणाशी सात माड ओळीने उभे होते. म्हातारी शेळ्या घेऊन तिथेच होती.

"हे सात कापले तर माझे किती नुकसान, ठाऊक आहे?" मामांनी कुंपणावरून विचारले.

"सात कोन सांगतो?" म्हातारी म्हणाली. "तू पोराचा ऐकलास. पोरगा येडा हाय, त्याला झाडातला काय कलते? सावली दोघांचीच पडते. ह्यो नि त्यो. बाकीचे वाकलेत तिकडे, वाडीकडे."

मामांनी वर पाहिले. मीही पाहिले. खरोखरच पाच माड वाडीच्या आतल्या अंगाला झुकले होते. दोनच सरळसोट उभे होते, इतरांहून हातभर उंच.

"आनि त्या दोघांना नारल कुठे धरतोय?" ती पुढे म्हणाली. "तीन साल झाले. शेंडा बारीक झालाय, बघ. माझा माणूस असता तर त्यानेच सांगितला असता तुला. सगळ्यांवर चढलाय तो. ह्या त्याच्या पायांच्या खाचा."

बुंध्यावर हाताच्या उंचीपासून वरपर्यंत जुन्या, गुळगुळीत झालेल्या खाचा होत्या. मामा त्यांच्यावरून हात फिरवीत राहिले. वाडीतले नारळ गेली कित्येक वर्षे मामा ठेकेदाराला उक्ते देतात. कोणता माड धरतो आणि कोणता धरत नाही, हे पाहायला ते वाडीच्या या टोकाला आले नव्हते, हे मला त्यांच्या मानेवरून कळले. ही म्हातारी मात्र कुंपणाबाहेरून रोज पाहत होती.

मामांनी काठी जमिनीत रोवून सावलीचे टोक पाहिले, दहा मिनिटे थांबून पुन्हा पाहिले. सावली सरकत सरकत म्हातारीच्या छपरावर चढली. दोन्ही बुंध्यांचीच.

"तुळशीचे लग्न होऊ दे," ते शेवटी म्हणाले. "मग बघू."

"बघू नको. माणूस सांगून ठेव. तोडायचा तर कुंपणाच्या आतल्या बाजूला पाड, माझ्या शेळ्यांवर नको."

"बरे, बरे."

"आनि शेट, दोन्ही ओंडके माझे. शेळ्यांना गोठा करायचाय."

"दोन्ही?" मामा उसळून म्हणाले. "एक! एक माझ्या विहिरीवर आडवा टाकायला लागतो."

त्यांची घासाघीस बराच वेळ चालली होती. आम्ही संध्याकाळच्या गाडीसाठी निघालो तेव्हा प्रकरण दीड ओंडक्यापर्यंत आले होते.